टायमरचा खोका

३ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन उचलायचा नाही आणि मेसेज बघून न बघितल्यासारखं करायचं, ही तुझी तऱ्हा मला आता पाठ झाली आहे. म्हणून हे पोस्टाने पाठवते आहे. पाकीट निदान हातात तरी घ्यावं लागतं.

बाबा बरे आहेत, म्हणजे जिन्यावरून पडलेला ऐंशीचा माणूस जितका बरा असू शकतो तितके. त्यांचा पलंग खाली जेवणाच्या खोलीतच हलवलाय. दिवसभर एक मावशी असतात त्यांच्यापाशी. मावशींचं तोंड बंद होत नाही आणि बाबांचं उघडत नाही, त्यामुळे दोघांचं झकास जमतं. बाबा कधी लख्ख बोलतात, कधी मला आत्या समजतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बोलणं हळूहळू कमी होत जाईल, काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारून घ्या.

मला लगेच तू आठवलास. या घरात विचारायची राहिलेली गोष्ट एकच आहे आणि ती तूच एकदा विचारली होतीस. विसाव्या वर्षी, याच टेबलावर, आईचा पत्ता द्या म्हणून. बाबा ताटाकडे बघत बसले आणि तू बॅग भरून चालता झालास. आई आपल्याला टाकून गेली आणि ती कुठे आहे हे बाबांनी दडवलं, म्हणून दोघांवर राग, आणि मी गप्प बसले म्हणून माझ्यावर वेगळा. आपण शाळेतून आलो तेव्हा ती घरात नव्हती, मी बारा वर्षांची आणि तू सातचा. बाबा म्हणाले ती घर सोडून गेली, आता आपण तिघंच. मी विचारायचं सोडून दिलं, तू सोडलं नाहीस. तू तुझ्या लेकीलाही आजी पळून गेली असंच सांगितलं आहेस, हे मला तुझ्या बायकोकडून कळलं. तिच्यावर डाफरू नकोस.

आता कामाचं. बाबांनी वरच्या खोलीची किल्ली स्वतःहून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, सगळं काढून टाक. खेळण्यातल्या आगगाड्या, रूळ, स्टेशनं, सगळं. आमचे लिलाववाले कधीपासून टपून बसलेत त्यावर. त्यांना प्रत्येक नगाचं वर्ष हवं असतं, आणि वर्ष काढणं हे तर माझं पोट भरायचं काम. लोकांना वाटतं मी इंजिनं तपासते. इंजिनावरून काही कळत नाही. त्या कारखान्याने एकाच साच्यातून तीस वर्षं तेच इंजिन काढलं, पहिलं आणि शेवटचं शेजारी ठेवलं तर कारखान्याच्या मालकालाही ओळखता येणार नाही. वय कळतं ते खोक्यावरून. पुठ्ठा पिनांनी जोडलाय की गोंदाने, झाकणावर चित्र आहे की रंगीत फोटो, कारखान्याचा फोन नंबर पाच आकडी आहे की सहा आकडी, आत पुठ्ठ्याचे कप्पे आहेत की थर्माकोल. बाबांनी आयुष्यात एकही खोका टाकला नाही. आपले वाढदिवस विसरायचे, पण कुठलं झाकण कुठल्या खोक्याचं हे झोपेतही सांगतील.

तुला काही ठेवून घ्यायचं असेल तर कळव. आठवतं ना, आपण खाली जेवत असायचो, बाबा आपल्याबरोबर, आणि डोक्यावर गाडी आपली आपण धावत असायची? बाबा वर बोट दाखवून म्हणायचे, घड्याळ लावलंय. गाडी आपोआप चालू-बंद करणाऱ्या टायमरला ते घड्याळच म्हणतात अजून. मी शाळेत काय मिरवायचे त्यावरून. आणि तू टेबलावर पाढे म्हणायला लागलास की गाडी थांबायची. मी तुला चिडवायचे की गाडीलासुद्धा तुझे पाढे सोसवत नाहीत.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. "विकून टाक. मला काही नको." एवढ्यासाठी तिकिटं चिकटवलीस, उपकार झाले.

विकायचं जरा थांबवलं आहे. एक गोष्ट जुळत नाही आणि ती तुला सांगितल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येणार नाही.

आज टायमर सोडवला. रूळ मांडलेल्या मोठ्या फळीच्या कडेला स्क्रूने बसवलेला होता. त्याचा खोका माळ्यावर नीट ठेवलेला, बाबांच्या सवयीप्रमाणे. मी सरावाने तो उलटा केला, फोन नंबर बघितला, झाकण बघितलं, आतला थर्माकोल बघितला, आणि यादीत वर्ष लिहिलं. लिहिल्यावर माझा हात थांबला. सहा आकडी नंबर आणि रंगीत फोटोचं झाकण हे दोन्ही एकत्र एकाच वर्षी आलं. पुढच्या वर्षी त्यांनी खोका लहान केला. या एका गोष्टीवर मी डोळे मिटून सही करते, आजवर कुणी खोटं ठरवलेलं नाही.

ते माझं अठरावं वर्ष. बोर्डाच्या परीक्षेचं.

तू हिशेबाला माझ्यापेक्षा पक्का आहेस, पण तरी मांडते. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. तेव्हापासून बाबा टेबलावर आपल्यासमोर बसायचे आणि वर गाडी धावायची. आणि ते घड्याळ घरात आलं सहा वर्षांनी.

मग मधली सहा वर्षं गाडी कोण चालवत होतं?

मी खोलीतून बाहेर आले आणि दार लावून घेतलं. दिवसाढवळ्या, एवढी घोडी झालेली बाई, आणि मला त्या दाराकडे पाठ करून जिना उतरवेना. मी उलटी उतरले, कठड्याला धरून. मावशींनी विचारलं गुडघे दुखतात का. मी हो म्हणाले.

ताई

६ मार्च

धाकट्या,

पुठ्ठा बघून तुला भुतं दिसायला लागली का, असं तू मेसेजमध्ये विचारलंस. बरं झालं, निदान बोललास. आता माझं ऐकून घे, कारण तू जे जे म्हणणार आहेस ते मी स्वतःशी आधीच म्हणून झाले आहे.

खोका दुसऱ्याच कशाचा असेल? आमच्या धंद्यात हा रोजचा भामटेपणा, जुना खोका आणायचा आणि त्यात नवा माल कोंबायचा. म्हणून मी तेच आधी तपासते. थर्माकोलमधला खड्डा त्या टायमरच्या आकाराचाच आहे, वायरीचा पीळसुद्धा त्याच खाचेत बसतो. जुना टायमर असेल, तो बिघडला म्हणून हा आणला? मग जुन्याचा खोका कुठे आहे? आणि फळीच्या कडेला भोकं एकाच टायमरची आहेत. दुसरं काहीही तिथे कधी बसलेलं नाही. बाबा मधूनच वर जाऊन बटण दाबून येत असतील? अरे, गाडी मध्येच थांबायची आणि मध्येच निघायची, आणि बाबा त्या वेळी तुझ्या ताटात वाढत असायचे.

पाढ्यांचं मी तुला मागे लिहिलं. ते लिहिताना मला हसू येत होतं. आता मला माहीत आहे की ते कोणीतरी ऐकत होतं. गाडीचा आवाज बंद केल्याशिवाय खालचं ऐकू येत नसणार.

आणखी एक गोष्ट आहे. इंजिनं खोक्यात घालण्याआधी पातळ कागदात गुंडाळलेली असतात. आई वाण्याची पुडीसुद्धा उलट्या हाताने बांधायची, तू बांधतोस तशी. या घरात डावखुरी माणसं दोनच, ती आणि तू. मी सगळे खोके वर्षाप्रमाणे लावले आणि एकेक उघडत गेले. आई गेल्यानंतरच्या वर्षीचं इंजिन, कागदाची शेवटची घडी डावखुरी. त्याच्या पुढच्या वर्षीचं, डावखुरी. असं करत करत टायमरच्या वर्षापर्यंत. त्यानंतरचे सगळे खोके सरळ हाताचे, आणि बाबांनी कसेतरी चुरगाळून बांधलेले. तू त्या वयात वरच्या मजल्यावर पाऊलही टाकलेलं नाहीस. आपल्याला जिन्याच्या चौथ्या पायरीपुढे जायची बंदी होती, आठवतं का? बाबा म्हणायचे रूळ नाजूक आहेत.

मला वर यायची परवानगी मिळाली ती अठरा पूर्ण झाल्यावर. मला वाटलं मी मोठी झाले, माझ्यावर विश्वास बसला. त्या आनंदात मी हे खोके हातात घेतले आणि पुढे त्यातच नोकरी धरली. माझा सगळा धंदा त्या दिवसापासूनचा आहे. आता वाटतं, तेव्हा खोली रिकामी झाली होती, एवढंच.

दाराला बाहेरून कडी आहे. ती मी अनेकदा उघडली आहे आणि कधी विचार केला नाही की गाड्यांच्या खोलीला बाहेरून कडी कशाला लागते.

मला भीती वाटते. बाबांची वाटते की आणखी कशाची, ते अजून कळलेलं नाही. ते खाली मऊ भात मागून खातात आणि मावशींना धन्यवाद म्हणतात. त्या माणसाला हे कसं विचारू? पण विचारणार आहे. तू इथे असतास तर तू विचारलं असतंस, आणि मी नेहमीसारखी तुझ्या मागे उभी राहिले असते.

ताई

१४ मार्च

धाकट्या,

विचारलं.

सकाळी त्यांचं डोकं चांगलं चालतं. मावशी बाजारात गेल्या होत्या आणि मी त्यांची दाढी करत होते. साबण लावून झाल्यावर मी टायमरचा खोका त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी झाकणावर हात ठेवला. हे केव्हा आणलंत, म्हणून मी विचारलं.

"तिच्यानंतर," ते म्हणाले.

मी कोणाच्या म्हणून विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पुढचं ते थांबत थांबत बोलले, मी जसंच्या तसं लिहिते, कारण माझ्या शब्दांत लिहिलं तर मी त्यात काहीतरी मिसळीन.

"तिला स्वतःची भीती वाटायची. धाकट्याला जवळ घेतलं की मनात भलतंसलतं यायचं. एकदा त्याला घेऊन वरच्या खिडकीत उभी होती. खिडकी उघडी. मग तीच म्हणाली, मला कुलपात ठेवा, पण पोरांचा आवाज येईल असं ठेवा."

डॉक्टर? दोन झाले, दोघांनी लांबच्या इस्पितळाचं नाव काढलं. ती नको म्हणाली आणि बाबाही नको म्हणाले. आपल्याला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तू दाराशी जाऊन बसला असतास, आणि तिने दार उघडलं असतं. ती याच गोष्टीला भीत होती, असं ते म्हणाले. मी म्हटलं कडी बाहेरून आहे, बाबा. ते म्हणाले आतूनही होती.

मी विचारलं शेवटी काय झालं. तिच्या छातीत कफ झाला, चार दिवसांत आटोपलं. मी परीक्षेला गेले होते, तू शाळेत. दुपारी तिला नेलं आणि आपण यायच्या आत ते घरी येऊन बसले. त्या दिवशी मी पेपर सोपा गेला म्हणून उड्या मारत आले होते, ते मला चांगलं आठवतंय. बाबांनी मला शाबासकी दिली होती.

"मग घड्याळ कशाला आणलं?" मी विचारलं.

"वर शांत झालं. धाकटा जेवता जेवता वर बघायला लागला."

मी ब्रश खाली ठेवला आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. अर्धी दाढी तशीच. मला त्यांचा राग आला, आणि ते खरं सांगत असतील या शक्यतेचा त्याहून जास्त राग आला. मावशी आल्या आणि त्यांनीच उरलेली दाढी केली. मला म्हणाल्या, आज कुणाशी भांडलात वाटतं.

नंतर मी वर जाऊन दार तपासलं. आतल्या बाजूला, हाताच्या उंचीवर, स्क्रूची चार भोकं आहेत. ती पुट्टीने बुजवून वर रंग दिलेला. म्हणजे आतून कडी होती हे खरं. ती कोणीतरी काढली, हेही खरं. का काढली आणि कधी काढली, ते रंगावरून मला सांगता येत नाही. पुठ्ठा असता तर सांगितलं असतं.

तू पत्ता मागितला होतास. तो कुठल्या गावाचा नव्हताच. तुझ्या डोक्यावर होती ती, तू जेवत असायचास तिथे. ती पळून गेली नव्हती, एवढं मात्र मी शपथेवर सांगते. तेवढं तुझ्या लेकीला सांग. बाकीचं, म्हणजे बाबा खरे की खोटे, त्यांनी तिला सांभाळलं की कोंडलं, ते मी एकटी ठरवू शकत नाही. ये आणि तू विचार. त्यांची शुद्ध आहे तोवर ये.

ताई

२३ मार्च

धाकट्या,

तू मेसेज केलास की विचार करतो. कर, पण हे वाच आणि मग कर.

परवा दुपारी मी फळीखाली शिरले. रूळांच्या वायरी सोडवायच्या होत्या. टायमर काढल्यावर गाडी चालवायचं जुनं गोल बटण तेवढं राहिलं होतं, आणि ते मला फळीवर कुठे सापडेना. ते खाली होतं. फळीच्या खालच्या अंगाला, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या हाताशी येईल असं, डाव्या बाजूला. तिथली लाकडी जमीन गुळगुळीत झाली आहे, एका माणसाच्या बैठकीएवढी. मी तिथे बसले. दुसरीकडे कुठे बसताच येत नाही.

बाजूने पाण्याचा नळ खाली गेला आहे आणि त्याच्याभोवती जमिनीला फट आहे. मी वाकून डोळा लावला. खालचं टेबल दिसतं. सगळं नाही, तुझी खुर्ची आणि माझी खुर्ची दिसते, बस. बाबांची खुर्ची त्यात येत नाही. आता ते तुझ्याच खुर्चीत बसतात, पलंगाला ती जवळ पडते म्हणून. मावशी त्यांना भरवत होत्या.

का केलं ते विचारू नकोस. मी बटण फिरवलं. गाडी माझ्या डोक्यावरून गेली, अर्धा फेरा झाला, आणि मी घाबरून थांबवली.

खाली मावशींचा चमचा तसाच राहिला. बाबांनी मान वर केली आणि थेट फटीकडे बघितलं. मी त्यांना दिसणं शक्य नाही, इथे अंधार आहे. पण ते बरोबर माझ्या डोळ्यात बघत होते. बाबांचा तसा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. तो आपल्यासाठी नव्हता रे. आणि मग, आपल्याशी ते कधी ज्या आवाजात बोलले नाहीत त्या आवाजात, हळूच म्हणाले,

"दोघंही जेवली गं. धाकट्याने मागून घेतलं आज. आता तू जेव."

आणि वाट बघत राहिले.

तेव्हा मला कळलं की याला काहीतरी उत्तर असायचं. ती वरून काहीतरी करायची, आणि ते ऐकल्यावर त्यांचा घास खाली उतरायचा. किती वर्षं हे आपल्यासमोर चाललं होतं, ताटं उचलता उचलता, बाबा स्वतःशी पुटपुटतात म्हणून आपण हसायचो. मी बटण थोडं फिरवलं आणि सोडलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मी दोनदा फिरवलं. ते हसले, लहान मुलाला समजवावं तसे, आणि म्हणाले, असं नाही, नीट सांग. मग मला पुढे काही करवलं नाही. मी तोंडावर हात धरून बसून राहिले, आणि मला सारखं वाटत होतं की त्या जागेत मी कोणाला तरी अडचण करते आहे, कोणीतरी बाजूला सरकून मला बसू दिलं आहे. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. बाहेर आले ती सरपटत, डोळे मिटून.

मला राग आहे अजून. पण त्या चेहऱ्याने बघणाऱ्या माणसाने कडी कोणत्या बाजूने लावली होती, हे मला आता ठरवता येत नाही.

त्या दुपारपासून बाबांनी अन्न घेतलेलं नाही. मावशी घास पुढे करतात, ते तोंड मिटून वर बघतात. तहान लागली की पाणी पितात. मी समोर बसून विनवण्या केल्या, आत्या होऊन दटावलं. ते ओठांवर बोट ठेवतात आणि मला गप्प करतात. ऐकायचं असतं त्यांना. डॉक्टर म्हणाले या वयात असं फार दिवस चालत नाही.

मी जेवताना अखंड बडबड करायचे, तुला माहीत आहे. वर काय वाजतंय याकडे माझं लक्ष कधी नव्हतं. तुझं असायचं. बाबा पुटपुटल्यानंतर गाडी कशी निघायची, किती वेळ जायची, कुठे थांबायची, हे या जगात कोणाला ठाऊक असेल तर ते तुलाच. तेव्हा तुझ्या कानावर रोज पडत होतं.

बटण डाव्या हाताशी आहे. ये आणि त्यांना उत्तर दे.

ताई